झेडचं तिकीट

नवऱ्याची लाडकी १९७२ ची डॅटसन २४०झेड गाडी पावसात फ्रीवेच्या एक्झिटला मागून घसरली आणि थेट गार्डरेलला, माणूस धडधाकट आहे, देवाची कृपा. वर पोलिसांचं स्पीडचं तिकीट! कॅलिफोर्नियाचं म्हणणं, पाटीवरच्या स्पीडच्या आत असलात तरी ओल्या रस्त्याला तो जास्तच. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे ड्रायव्हिंगच्या नियमांचा कोर्स, केलं की रेकॉर्डवरचा दोषाचा पॉइंट इन्शुरन्सवाल्यांना दिसत नाही, दंड मात्र भरायचाच.

आज बॉडीशॉपला गेलो. पुढचं फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, बोल्टचं असतं ते निघालं पटकन, पण आतल्या रेलला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पट्टीला, मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार, नुसता गंज! अ‍ॅग्रीड व्हॅल्यूची, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवलेली, पॉलिसी आहे म्हणून बरं, पण गंजाचे पैसे कोण देणार, आम्हीच. नवरा तिथेही इंजिनचंच कौतुक करत उभा, काय बोलणार.

कोणाच्या गराजमध्ये डावं फेंडर पडलंय का? बिनगंजाचं हवं.