दिसलं ते लिहा

वनखात्याने आम्हाला मचाणापाशी सोडलं तेव्हा सोबत दोन गोष्टी दिल्या. एक माणूस आणि एक कागद. माणूस जवळच्याच गावातला, कोरकू आदिवासी, पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. कागद सरकारी, रात्रभर पाणवठ्यावर येणारे प्राणी नोंदायचा, आडवा छापलेला. त्यावर रकाने : वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं आणि सगळ्यात शेवटी ‘शेरा’. बुद्धपौर्णिमेची दुपार होती, साडेचार वाजले होते. उद्या सकाळी गाडी येईपर्यंत शिडीवरून खाली उतरायचं नाही, असं बजावून जिप्सी धुरळा उडवत निघूनही गेली.

“शेरा कशाला?” माझा दादा म्हणाला. “शेर दिसला की तोच लिहू.” हा त्याचा त्या दिवसातला शेवटचा विनोद.

त्याआधीचे दोन दिवस आम्ही मेळघाटात जिप्सीतून फिरत होतो. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. दोन दिवसांत रानगवे दिसले, भेकर दिसलं, झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेणारं शेकरू दिसलं. पण समोरून येणारी प्रत्येक गाडी आमच्याजवळ थांबायची आणि विचारायची, “काही दिसलं का?” जंगलातला हा ‘काही’ फार चमत्कारिक शब्द आहे. एक टन वजनाचा गवा त्यात बसत नाही. शेकरू राज्यप्राणी असूनही बसत नाही. त्या ‘काही’ला चार पाय आणि अंगावर पट्टे असावेच लागतात. आम्ही “नाही, काहीच नाही” म्हणायचो, तेही “आम्हालाही काही नाही” म्हणायचे, आणि दोन्ही गाड्या सांत्वन केल्यासारख्या पुढे जायच्या.

ताडोब्याला गेलो असतो तर, हे दादाने दोन दिवसांत किती वेळा म्हटलं त्याची नोंद मी ठेवली नाही. त्याचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. ताडोब्याची जमीन त्या मानाने सपाट, तिथे तळी आहेत आणि वाघ रस्त्याने चालतो. मेळघाट म्हणजे नावाप्रमाणेच घाटांचा मेळ. रस्त्याच्या एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला दरी. वाघाने दहा पावलं टाकली की संपलं. देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला १९७३ साली. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं. म्हणजे इथला वाघ पन्नास वर्षं सरकारी संरक्षणात आहे आणि पन्नास वर्षांत त्याने माणसाला तोंड दाखवायची सवय काही लावून घेतलेली नाही. मला हे आवडलं. दादाला नाही.

मचाण म्हणजे लोखंडी पायांवर लाकडी फळ्या, तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी. समोर चाळीसेक पावलांवर पाणवठा, बशीसारखा बांधलेला. पूर्वी याच जंगलांत मचाण बांधायचे तेव्हा खाली रेडकू बांधत आणि वर बंदूकवाला साहेब बसे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर साहेब गेला, बंदूक गेली, रेडकूही सुटलं. आता बांधलेले असतो ते आपणच. मोठ्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही, अत्तर लावायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत. आणि हलायचं नाही.

न हलणं किती अवघड असतं ते दोन तासांत कळलं. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात, हे काकांनी संध्याकाळी हळू आवाजात सांगितलं. आम्ही दोघं बहीणभाऊ लहान मुलांसारखे तोंडावर हात दाबून हसलो, कारण आपल्या मराठीत तो शब्द शरीराच्या ज्या भागासाठी आहे तोच भाग त्या वेळी फळीवर ठणकत होता. काकांना आमच्या हसण्याचं कारण ठाऊक असावं. मेळघाटातल्या कोरकूंनी हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या सहन केला असणार.

सूर्य मावळला आणि पूर्वेला चंद्र वर आला. पौर्णिमेचं हे वेळापत्रक मला नेहमी पाळीवर कामावर येणाऱ्या माणसांसारखं वाटतं. एक बाहेर पडतो तोवर दुसरा दारात उभा. पण वैशाखातला पुनवेचा चंद्र डोक्यावर येत नाही. तो विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो, महिन्याला वैशाख हे नाव त्यावरूनच, आणि तिथून तो दक्षिणेकडच्या आभाळातून खालून खालून जातो. उन्हाळ्यात सूर्य उंचावरून जातो, म्हणून त्याच्या बरोबर समोरचा चंद्र खाली. त्यामुळे सागाच्या सावल्या रात्रभर आखूड होतच नाहीत. मध्यरात्रीसुद्धा त्या पाणवठ्यावर आडव्या पसरलेल्या, आणि प्रत्येक सावलीला पाठ, मान आणि शेपूट.

पहिली नोंद झाली ७.२५ला. रानडुकरं, सात. नर किती, मादी किती, दादाने विचारलं. काकांनी बोट हलवून ‘पुढं चला’ अशी खूण केली. नंतर ८.१०ला सांबराची मादी आणि पिल्लू. इतकी हळू आली की ती आल्याचं कळलंच नाही, फक्त एक झाड दोन झाडं झालं. मी डोळे ताणून बघत होते आणि ती नेमकी माझ्या नजरेत विरघळत होती. काका कानाशी पुटपुटले, “ताई, सांबराकडं पाहू नका. सांबराच्या बाजूले पाहा.” पाहिलं, आणि सांबर ठळक झालं. कान, पाय, खाली वाकलेली मान. डोळ्याच्या पडद्यावर ऐन मध्यभागी ज्या पेशी असतात त्या रंगांच्या आणि बारकाव्याच्या, भरपूर उजेड मागणाऱ्या. कमी उजेडावर काम भागवणाऱ्या पेशी त्यांच्या भोवतीने असतात. म्हणून अंधारात जे बघायचं त्याच्याकडे रोखून बघितलं की ते नाहीसं होतं. दिवसभर आम्ही जिप्सीतून नेमकं उलट करत आलो होतो. आणि या पेशींना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दादाने वेळ बघायला मोबाइल उघडला की त्या बिचाऱ्यांची सगळी मेहनत पाण्यात. तिसऱ्या वेळी काकांनी मोबाइल घोंगडीखाली घेतला तो सकाळीच परत दिला.

९.५०ला पुन्हा सांबराची मादी आली. एकटी. मी पेन उचललं आणि थांबले. ही मघाचीच का? पिल्लू मागे ठेवून परत आलेली? की दुसरीच? पूर्वी पाणवठ्यावरच्या मोजणीतला हाच घोळ होता. कडक उन्हाळ्यात प्रत्येक जनावर चोवीस तासांत एकदा तरी पाण्यावर येणार, हे गृहीत. पण एखादं दोनदा आलं तर? एकाच रात्री दोन पाणवठ्यांवर गेलं तर? म्हणून आता वाघांची मोजणी अशी करत नाहीत. झाडांवर बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतल्या फोटोंवरून करतात, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. २०२२च्या मोजणीत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले ते या पद्धतीने. बुद्धपौर्णिमेच्या मचाणाला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात. म्हणजे फॉर्म तोच, रकाने तेच, फक्त त्यावरून कोणी काही ठरवत नाही. हे समजल्यावर मला फॉर्मबद्दल उगाच माया वाटायला लागली. निवृत्त झालेला कारकून सवयीने हजेरीपट मांडून बसतो ना, तसा तो कागद.

पण खरी रात्र त्या कागदावर आलीच नाही, कारण दहानंतर दिसणं संपलं आणि ऐकू येणं सुरू झालं.

मे महिन्यात सागाची पानं खाली गळून, वाळून पापडाची चळत होतात. त्यावरून उंदीर गेला तरी हत्ती गेल्यासारखं वाटतं. मागे कुठेतरी रातवा पक्षी एकसारखा चक्, चक्, चक् करत होता, रिकाम्या मडक्यावर कोणी टिचकी मारत बसल्यासारखा. टिटवी मधूनच कोणाशी तरी भांडून जायची. साडेअकराला समोरच्या डोंगरावर हुप्प्यांचा खाकरल्यासारखा आवाज आला आणि त्यापाठोपाठ सांबराचा : ढाँक! माणसाच्या छातीत वाजेल असा, एकच. “कॉल! कॉल!” दादा उठूनच बसला. हुप्प्या गरुडालाही ओरडतो, पण सांबर उगाच ओरडत नाही, हे तो मला दोन दिवस शिकवत आला होता. पुढचा ‘ढाँक’ थोडा उजवीकडे आला. मग भेकराचं भुंकणं, आणखी उजवीकडे, खाली नाल्याच्या अंगाला. मग शांत. पंधरा मिनिटांत कोणीतरी डोंगराच्या कडेने डावीकडून उजवीकडे चालत गेलं होतं. आम्ही त्याचा सबंध रस्ता ऐकला, तो मात्र एकदाही आवाज न करता गेला.

“लिही,” दादा म्हणाला. “११.३०, वाघ, एक.”

मी काकांकडे पाहिलं.

“दिसला का?”

“नाही. पण…”

“मंग नका लिहू. वाघ असन, बिबट असन. ते सांबराले ठाऊक. दिसलं ते लिहा.”

हे मान्य करता येत होतं. खरी पंचाईत साडेबाराला झाली. मचाणाच्या मागे, जिकडे जाळी होती आणि बघायला सोय नव्हती, तिकडून आवाज आला. सुर्र, सुर्र, फू! मग परत सुर्र. कोणी बशीतून चहा ओढावा तसा. त्यात शंकेला जागाच नव्हती. अस्वलाला वरच्या पुढच्या दातांतले मधले दोन नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि हा आवाज दुसरं कुठलंही जनावर करत नाही. सुमारे वीस मिनिटं चालला होता तो चहा. मध्येच मातीची ढेकळं फुटल्याचं ऐकू यायचं. एक धापही टाकली गेली. मी अंधारात ‘अस्वल’ लिहिलंसुद्धा.

“आता तरी?” दादा पुटपुटला. “अस्वल आहे की नाही?”

“हाय,” काका म्हणाले.

“मग लिहू ना, अस्वल, एक.”

“एक हाय का दोन?”

दादा गप्प. पाठीवर पिल्लू घेऊन हिंडणारी अस्वली या दिवसांत असू शकते. ओढणारं तोंड एकच ऐकू येत होतं, पण पिल्लाचं तोंड बंद असेल तर? मी ‘अस्वल’ खोडलं. त्या फॉर्ममध्ये ऐकू आलेल्यांसाठी रकाना नाही, आणि ‘शेरा’ची जागा इतकी लहान की तिथे फार तर कोणाची सही मावेल.

तेव्हा मला तो रानपिंगळा आठवला. घुबडाच्या जातीचा पण दिवसा हिंडणारा हा छोटा पक्षी १८८४ नंतर कोणाला सापडलाच नव्हता. नाही म्हणायला कागदोपत्री एक पुरावा होता : रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ मारलेला एक पक्षी. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला आणि निघालं असं की तो संग्रहालयातूनच चोरून, पेंढा नव्याने भरून, नवं लेबल लावून परत आणलेला जुनाच पक्षी होता. एक खोटी नोंद आणि शोधणारे चुकीच्या जागी बघत राहिलेले. ती बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या मुलखात, खानदेशात शहाद्याजवळ गेले, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे मेळघाटातही सापडला. काकांना त्या साहेबाची गोष्ट माहीत असण्याचं कारण नाही. मी ती दादाला कानात सांगितली. “मी काय पेंढा भरतोय का?” असं म्हणून तो कुशीवर वळला.

दोन वाजून दहा मिनिटांनी, अगदी मचाणाच्या बुडाशी, धप्प!

तिघेही थिजलो. काहीतरी जड, उंचावरून पडल्यासारखं. नंतर सागाच्या पानांत एक खसफस, मग काही नाही. “बिबट,” दादा ओठांनीच म्हणाला. “झाडावरून उतरला.” माझ्या मानेवरचा घाम गार झाला. काका काहीच बोलले नाहीत. ते खाली न बघता आमच्या पिशव्यांकडे बघत होते, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. मी थरथरत्या हाताने वेळ लिहिली, २.१०, आणि पुढचे सगळे रकाने कोरे सोडले.

पहाटे मोर ओरडला, पावशाने सुरुवात केली, पाणवठा पुन्हा नुसतं डबकं झाला. साडेसहाला जिप्सीचा आवाज आला तेव्हा पाय सरळ करताना हाडं वाजली. काका आधी उतरले. शिडीच्या पायथ्याशी वाकले, पानांतून काहीतरी उचललं आणि वर दादाच्या हातात दिलं. दोन लिटरची, तोंडोतोंड भरलेली पाण्याची बाटली.

“घ्या,” ते म्हणाले. “तुमचा बिबट.”

नाक्यावर आमच्या बाटल्या मोजल्या. नेलेल्या सहा, आणलेल्या सहा. तिथल्या बाबूने खूण केली, मग फॉर्म हातात घेतला. रानडुक्कर सात, सांबर मादी एक, पिल्लू एक, सांबर मादी एक, मोर दोन. खोडलेलं अस्वल. मग त्याचं बोट थांबलं.

“हे काय? २.१०, पुढं काहीच नाही?”

“ते राहू द्या,” दादा म्हणाला.

“राहू कसं द्या? प्राणी कोणता?”

“बाटली लिवा, सायेब,” काका म्हणाले. “एक.”

बाबूने मान वर केली नाही. रात्रभरात अशा किती मचाणांचे फॉर्म त्याच्यापुढे येऊन गेले असतील कोण जाणे.

“नर की मादी?”

काकांनी दादाच्या हातातल्या बाटलीकडे एकवार नीट पाहिलं.

“मादी,” ते म्हणाले. “अन्‌ भरेल पोटाची.”