म्हापसा ते चोर्ला, तीनदा उघडलेला कार्बोरेटर

पावसाळ्यात चोर्ला घाट चढायला कुठलीही गाडी चालते, पण मला वडिलांची 1984ची बुलेटच न्यायची होती. कास्ट आयर्न इंजिन, 346 सीसी, उजव्या पायाला गिअर, मिककार्बचा कार्बोरेटर. मागे भाचा. त्याने जन्मात किक मारलेली नाही. गोव्यात म्हापशाला टाकी काठोकाठ भरली आणि अस्नोड्याच्या रस्त्याला लागलो.

अस्नोड्याच्या अलीकडेच गाडी आचके द्यायला लागली. थ्रॉटल पिळला तर आणखी गुदमरायची, सोडला तर क्षणभर सावरायची. मग दोनदा कार्बोरेटरमधून फटफट केलं आणि बसली. टाकी उघडून पाहिलं, पेट्रोल होतंच. भाचा म्हणाला, "मामा, इंजेक्टर साफ करायला हवा का?" या गाडीला इंजेक्टर नसतोच. त्याला म्हटलं, तू छत्री धर.

रस्त्याकडेला फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोल साठवणारी वाटी, उतरवली. तळाशी पाण्याचा टपोरा थेंब पेट्रोलखाली वेगळा दिसत होता. चोर सापडला म्हणून मी खूश! हल्ली पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जड असल्यामुळे वाटीत बरोबर मेन जेटच्या (इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) तोंडाशी जाऊन बसतं. वाटी पुसली, जेट फुंकला, दुसऱ्या किकला गाडी चालू.

मुळगावला तेच. डिचोली ओलांडल्यावर पुन्हा तेच. तिन्ही वेळा टाकी उघडली, वाटी उघडली, जेट फुंकला, आणि तिन्ही वेळा गाडी गुणी बाळासारखी चालू झाली. तिसऱ्या खेपेला वाटीत पाणी नव्हतं, कचराही नव्हता. वाटीच्या एका स्क्रूची फुली मात्र मी घासून गोल केली होती.

साखळीच्या बाजारात पिवळ्या मडगार्डवाले पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, उभे होते. त्यांतल्या एका वयस्क पायलटांनी आमचे काळे हात पाहून विचारलं, "कितें झालें, बाब?" सगळी कथा सांगितली. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. पुढे मराठीतच विचारलं, "बंद पडल्यावर पहिलं काय करता?"

"टाकी उघडून पेट्रोल बघतो."

"मग कार्बोरेटर कशाला खोलता?"

झाकण काढलं. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आदल्या रात्री मीच झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दुमडून घातली होती. झाकणाचं हवेचं भोक त्यामुळे बंद. पेट्रोल खाली उतरतं, त्या जागी हवा शिरत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल कॉकपर्यंत (टाकीखालच्या नळापर्यंत) येऊन थबकतं. दर वेळी झाकण उघडलं की दुखणं बरं व्हायचं आणि श्रेय जेटला जायचं. टाकी काठोकाठ असली की वर हवा थोडीच असते, त्यामुळे हे लवकर जाणवतं. पेट्रोल उतरत जाईल तसं दोनदा बंद पडण्यातलं अंतर वाढतं.  चहाचे पैसेही त्यांनी देऊ दिले नाहीत, हे जास्त लागलं.

तेव्हा जुनी गाडी घेऊन या रस्त्याने येणाऱ्यांनी आधी ती मरते कशी ते ऐकावं. चावी काढल्यासारखी एकदम गप्प झाली तर स्पार्क गेला: प्लगची टोपी, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क), कंडेन्सर, वायर बघा. आचके देत, गुदमरत गेली तर पेट्रोल: आधी टाकीचं झाकण सैल करा, मग कॉक, मग नळी, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पायलट जेटच्या (मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटच्या) भोकात तार तर कधीच घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मोकळ्या इंजिनाची लय कायमची बिघडते.

केरी सोडल्यावर अंजुण्याचं धरण धुक्यात अर्धं दिसलं, अर्धं नाही. चढ गाडीने तिसऱ्या-दुसऱ्यात विनातक्रार काढला. घाटात धबधब्यासमोर थांबलो आणि इथे दुसरी चूक झाली, ही मात्र भाच्याची. त्याला किक मारायची हौस आली. गरम गाडीला चोक लावून, थ्रॉटल पिळत त्याने दहा-बारा किका हाणल्या. प्लग ओलाचिंब. अशा वेळी चोक काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी छोटी दांडी) ओढून धरा आणि पाच-सहा किका नुसत्या मारा, जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं.

मग त्याला नीट शिकवलं. चावी चालू करून किक हाताने दाबल्यासारखी हळू खाली न्यायची. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अमीटरचा काटा मायनसकडे झुकतो आणि परत मध्ये येतो. तिथेच किक कडक लागते. डिकॉम्प्रेसर ओढायचा, किक अगदी किंचित पुढे सरकवायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच किक, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर उलटी येते आणि घोटा सुजतो. माझा सुजलेला आहे, 1999 साली. सहाव्या प्रयत्नात धक् धक् सुरू झालं तेव्हा पोराचा चेहरा धबधब्यापेक्षा बघण्यासारखा होता.

सोबत काय ठेवावं? जादा प्लग, प्लगपाना, स्क्रूच्या मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, हातभर पेट्रोलची नळी, कोरडं सुती फडकं आणि जाड कोरा कागद. दमट हवेत पॉइंटवर थर धरतो, कागदाची पट्टी मधून दोनदा ओढली की पुरतं. पॉइंटचं अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर घरीच लावून निघा. पाच मिनिटं थांबलात तरी कॉक बंद करा. फ्लोटची सुई जुनी असेल तर साइड स्टँडवर पेट्रोल ओव्हर होऊन रस्त्यावर सांडतं.

परतीला साखळीत थांबलो, पण ते पायलट भाडं घेऊन गेले होते. झाकणावर आता बाहेरून रबरी टोपी घालतो, कडेला हवेपुरती सैल.