शेजारच्या प्लेटमधली सेव

रविवारी चर्चला जाण्याआधी पोहे, हा आमचा नेम. इंदूरचे पोहे म्हणजे आपले घरचे कांदेपोहे नव्हेत. इथे फोडणीचा रुबाब कमी. खाली पाणी उकळत असतं, वर पोहे वाफेवर मऊसूत बसलेले. त्यावर कच्चा कांदा, जीरावन मसाला, लिंबू आणि मूठभर सेव. ती मूठच माझी वैरीण. पोहेवाल्याची मूठ दर प्लेटला सारखी नसते आणि मला माझ्या प्लेटच्या आधी शेजारची दिसते.

सेव हे निमित्त, खोड जुनीच. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात धूर ओढणारी चिमणी बसली, तर आमच्या भिंतीवरचा तेलाचा डाग मला एका रात्रीत दुप्पट दिसायला लागला. नाताळात त्यांच्या करंज्या ‘काय खुसखुशीत!’ आणि माझ्या ‘छान झाल्यात हं’. यातला फरक ज्याला कळला, त्याला कळला. शिवाय गाव कुठलं, तर 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवलेलं. इथे राहून नंबर न लावता जगायचं तरी कसं! प्रार्थनेला डोळे मिटते, पण एक जरा किलकिला राहतोच. पुढच्याच बाकावर जाऊबाईंची साडी असते.

आजोबा नगरकडून आले, तेव्हा त्यांनी आणलेलं मराठी बायबल माझ्याकडे आहे. चर्चमध्ये उपासना हिंदीत चालते, माझं बोट मराठीवरून फिरतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायाशी ते हमखास अडखळतं, कारण तिथेही सकाळ आहे आणि न्याहारी आहे. तिबिर्याचा समुद्र, शिष्यांचं रात्रभर रिकामं राहिलेलं जाळं, मग येशूच्या सांगण्यावरून ते टाकलं तर मासेच मासे: 153. एवढ्या गडबडीत ते मोजले कुणी? तो मोजणारा मला फार जवळचा वाटतो.

काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, सोबत भाकर. खाणं झाल्यावर येशू त्या शिष्यांतल्या पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मग म्हातारपणी त्याला कसलं मरण येणार, तेही सुचवतो. अशा वेळी माणसाने निदान घटकाभर गप्प बसावं. पेत्र काय करतो? वळतो, मागून येणारा दुसरा शिष्य त्याला दिसतो आणि हा विचारतो, ‘प्रभू, ह्याचं काय?’

हा नक्की माझ्या माहेरचा.

उत्तर मिळतं, मी येईपर्यंत त्याने राहावं असं माझ्या मनात असलं, तर त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. पुढे मंडळींत लगेच बोलवा उठली, की तो शिष्य मरणारच नाही म्हणे! म्हणजे तुलना तिथेही थांबली नाहीच. मला मात्र या उत्तराचा कितीतरी वर्षं रागच यायचा. ‘तुलाही तेवढंच मिळेल’ असं म्हणायला काय हरकत होती? समजूत नाही, काही नाही, नुसता दटावल्यासारखा सूर.

अलीकडे त्याच वाक्याने हायसं वाटतं. जाऊबाईंच्या चिमणीची वही ठेवायचं काम माझ्याकडे कुणी दिलेलंच नाही, मीच ओढवून घेतलंय. आणि तो ‘वळतो’ हा शब्द! ज्याच्या मागे चालायचं, त्याच्या पाठीवर नजर हवी. मान मागे वळवून चाललं की ठेच लागणारच. मला लागली आहे, आणि तीही चर्चच्या पायरीवर, पुढे चाललेल्या जाऊबाई सोडून मागून येणाऱ्या कुणाची तरी पर्स बघताना.

परवाच्या रविवारी शेजारी कॉलेजातला एक मुलगा उभा होता. त्याच्या प्लेटवर सेवेचा डोंगर. नजर गेलीच. ‘त्याचं तुला काय?’ मी पुटपुटले, जरा मोठ्यानेच.

‘मी काय केलं आता?’ हे दचकले आणि घाईघाईने आपल्या प्लेटमधली सेव माझ्या प्लेटमध्ये ओतू लागले.

त्यांनाही कमीच घातली होती.