भोरड्या आणि मामांची गोफण

१८ जानेवारी, रविवार

आज सोलापुरात गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जायचं होतं, पण गर्दी नको वाटली. दुर्बीण घेतली आणि वडाळ्याला मामांच्या रानात गेलो. वाटेत नान्नजच्या माळावर थांबलो. अभयारण्य १९७९ सालचं. ज्याच्यासाठी केलं तो माळढोक पक्षी काही दिसला नाही. इतक्या वर्षांत मी त्याची आशा सोडलीय, तरी मान वळतेच. एक भोवत्या, शिकारी पक्षी, तेवढा गवतावरून अगदी खालून फिरत होता.

मामांची मालदांडी ज्वारी हुरड्यावर आलीय. दुपारी दोनला ऊन चटका देत होतं आणि बांधावरच्या बाभळीखाली मात्र थंडी वाजत होती. मामा माळ्यावर बसलेले, मांडीवर गोफण, शेजारी खड्यांचा ढीग.

तीनच्या सुमारास भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आल्या. आधी आवाज, भांड्याला भांडं घासल्यासारखा कलकलाट. मग उत्तरेकडून काळा पट्टा, तो वळला की विरळ, पुन्हा वळला की दाट. पाचशे असतील, हजार असतील. मी मोजायचा नाद सोडला. सगळ्या एकदम ज्वारीत उतरल्या आणि ताटं वाकली. दुर्बिणीत एक सापडली: डोकं, पंख, शेपूट काळी, पाठपोट मळक्या गुलाबी रंगाचं. कणसाला उलटी लटकून दाणे उपसत होती. चोचीच्या कडेला पांढरा चीक.

एवढ्यात कानाजवळून खडा सूं करत गेला. "हाऽऽऽ!" सगळा थवा उठला, एक गिरकी घेऊन शेजारच्या रानात. तिकडून पत्र्याचा डबा वाजला. पुन्हा इकडं. तासभर हाच खेळ चालला.

मी मामांना सांगितलं, ही पाखरं मध्य आशियातून येतात, तिकडं आत्ता बर्फ असतो. टोळ खातात म्हणून चीनमध्ये शिनजियांगला लोक त्यांना घरट्यासाठी दगडांचे ढीग रचून देतात. गोफणीत खडा घालत मामा म्हणाले, "मग ऱ्हा म्हणावं की तिथंच. हितं काय टोळ खायलेत व्हय?"

खरं तर अळ्या, नाकतोडेही टिपतात. पण भरल्या कणसाच्या मालकाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दुर्बीण माझी, ज्वारी त्यांची.

आगटी पेटल्यावर त्यांनी स्वतःच दुर्बीण मागितली. हुरडा आणि शेंगाचटणी पुढ्यात, हाताला राख, आणि बराच वेळ बघत राहिले. "गुलाबी हाय की रे," म्हणाले. "मला वाटायचं काळीच." मग जरा वेळानं, "तुरा बी हाय."

शेजारच्या रानातून हाळी आली, "ओ पाटील, झोपला काय?" मामांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि गोफण शोधायला लागले. ती माझ्याच बुडाखाली होती.