साखर चढली म्हणून काढणी होत नाही

फेब्रुवारीत नाशिकला द्राक्षं काढताना हिशोब मुंबईचा करावा लागतो. बाटली विकली जाणार दादर-वांद्र्याच्या दुकानात, बहुधा ऐन मे महिन्यात. तिथल्या उकाड्यात वाइन किती टिकेल हे बऱ्याच अंशी पीएचवर (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) ठरतं, आणि पीएच ठरतो काढणीच्या दिवशी.

सगळ्यांचं लक्ष मात्र ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जातीचा रस 21-22 ब्रिक्सला आला की बागायतदाराचे फोन सुरू होतात. त्याचंही बरोबरच आहे, घड वेलीवर राहिले की वजन घटतं आणि अवकाळी पावसाची भीती वेगळीच. पण साखर चढते तेव्हाच द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळत असतं, आणि रात्र जितकी उबदार तितकं जास्त. जानेवारीच्या थंडीत ते टिकून राहतं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघाली की पीएच 3.3 वरून 3.6 कडे सरकायला लागतो.

हा फरक किरकोळ वाटतो, पण नाही. पीएच 3.3 असेल तर वाइन सुरक्षित ठेवायला लिटरमागे साधारण 25 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. 3.7 ला तेवढ्याच संरक्षणासाठी 63 च्या आसपास लागतो. एवढा घातला तर नाकाला झोंबतो, नाही घातला तर वाइन लवकर तपकिरी पडते.

म्हणून नमुना नीट घ्यायचा. एका गोड मण्यावर रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) धरून तारीख ठरवणं म्हणजे निव्वळ जुगार. ओळींची टोकं सोडून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून आणि शेंड्यावरून मिळून 100-200 मणी पिशवीत घ्या, कुस्करा आणि त्या रसाचं ब्रिक्स, पीएच आणि एकूण आम्लता मोजा. बी चावून बघा: हिरवी आणि तुरट असेल तर लाल जातींना अजून वेळ आहे. शिराझ या लाल जातीचं दुखणं असं की बी तपकिरी होईपर्यंत साखर 24 च्या पुढे जाते आणि आंबवताना सालीतलं पोटॅशियम उतरून पीएच आणखी चढतो. तिथे टार्टरिक आम्ल घालावंच लागतं. लिटरला 1 ग्रॅमने पीएच ढोबळमानाने 0.1 उतरतो. ते आंबवण सुरू होण्याआधीच घालावं. नंतर घातलेलं जिभेला वेगळं जाणवतं.

काढणी पहाटे, ऊन चढायच्या आत. क्रेट 20 किलोपेक्षा जास्त भरला की खालचे मणी फुटतात, रस सुटतो आणि रस काढणाऱ्या प्रेसपर्यंत पोचायच्या आधीच बागेतलं जंगली यीस्ट कामाला लागतं. टनामागे 50 ते 80 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फर डायऑक्साइड देणारी पूड) पाण्यात विरघळवून शिंपडतात. घड चांगले असतील तर मी कमीकडे झुकेन, तडकलेले किंवा भुरीचे असतील तर ते निवडून बाजूला काढणं हाच उपाय. प्रेसमधून शेवटी येणारा रस कडवट असतो आणि त्याचा पीएचही जास्त, तो वेगळ्या टाकीत.

मग येतो सडक्या अंड्यांचा वास, हंगामातली सर्वांत नेहमीची तक्रार. कारण बहुतेकदा यीस्टची उपासमार: रसात यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली असतो, किंवा काढणीच्या तोंडावर गंधकाची फवारणी झालेली असते. 100 लिटरला 30 ग्रॅम डीएपी (यीस्टला नायट्रोजन पुरवणारं डायअमोनियम फॉस्फेट) दिलं की लिटरमागे साधारण 60 मिलिग्रॅम नायट्रोजनची भर पडते. ते एकदम ओतू नका. थोडं यीस्टने जोर धरल्यावर, बाकीचं एक तृतीयांश साखर संपल्यावर. त्यानंतर दिलेलं यीस्टला फारसं घेता येत नाही आणि उरलेलं नको त्या जंतूंच्या पोटात जातं. पांढऱ्या वाइनची टाकी 14 ते 18 अंशांत राहिली पाहिजे. मार्चमध्ये वीज गेली तर जनरेटरला पर्याय नाही.

मुंबईत बाटली घेताना एवढं करा: पांढऱ्या वाइनच्या लेबलवर काढणीचं वर्ष बघा, ताज्या हंगामाची किंवा फार तर आदल्या वर्षीची घ्या. काच पारदर्शक असेल तर रंग उजेडात धरून पाहा, कोवळ्या शेनिनमध्ये पिवळ्यात हिरवट झाक असते. दुकानाच्या काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली नको, आतल्या फ्रिजमधली मागा.