एका शहरात इतकी स्टेशनं कशाला?

लंडनला येणारा पाहुणा हा प्रश्न विचारतोच. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही दोन अवाढव्य स्टेशनं, मध्ये फक्त एक रस्ता! सरकारने आखणी केली असती तर असं झालंच नसतं. पण इथे रेल्वे खाजगी कंपन्यांनी बांधली, आणि त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं.

किंग्ज क्रॉस १८५२चं, ग्रेट नॉर्दर्न कंपनीचं. मिडलँड कंपनीचं लंडनमध्ये स्टेशनच नव्हतं. तिच्या गाड्या लंडनच्या उत्तरेकडच्या हिचिन गावापासून पुढे ग्रेट नॉर्दर्नच्या रुळांवरून, पैसे मोजून यायच्या. रूळ ज्याचे, त्याच्या गाड्या आधी सुटणार. १८६२मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या गर्दीत मिडलँडच्या गाड्या अशा रखडल्या की तिने स्वतःचा मार्ग टाकायचं ठरवलं आणि थेट शेजारचीच जागा धरली.

वाटेत रीजंट्स कालवा होता. ग्रेट नॉर्दर्न त्याच्या खालून बोगद्याने गेली होती, मिडलँड वरून पुलाने आली. त्यामुळे सेंट पँक्रसचे फलाट रस्त्यापेक्षा पाचएक मीटर उंच झाले. खालच्या तळघरात बिअरसाठी प्रसिद्ध बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपं ठेवत. तिथल्या खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या मापाने ठरलं. आज तिथेच युरोस्टारचे प्रवासी पॅरिसच्या गाडीची वाट बघत बसतात. वर इंजिनिअर बार्लोचं १८६८चं छप्पर आहे: ७३ मीटर रुंद, मध्ये एकही खांब नाही. पुढे वास्तुकार स्कॉटने बांधलेलं लाल विटांचं हॉटेल. शेजारच्या साध्यासुध्या किंग्ज क्रॉससमोर मिडलँडला उठून दिसायचं होतं, आणि माझ्या मते ती जिंकली.

लंडनच्याच व्हिक्टोरिया स्टेशनात तर एकाच नावाखाली दोन स्टेशनं होती. ब्रायटन कंपनीचं १८६०चं, चॅटम कंपनीचं १८६२चं, आणि मध्ये चक्क भिंत. १९२३मध्ये दोन्ही कंपन्या सदर्न रेल्वेत गेल्या, तेव्हा कुठे भिंतीतून वाट झाली. दादरकरांना हे नवीन नाही; जीआयपी आणि बीबीसीआय या दोन कंपन्यांमुळे तिथेही मध्य आणि पश्चिमचे फलाट वेगवेगळे झाले.

व्हिक्टोरियाची ती वाटणी अजून कामाला येते. केंटकडे जायचं असेल तर १ ते ८ क्रमांकाचे फलाट, म्हणजे जुनी चॅटम बाजू. गॅटविक विमानतळ किंवा ब्रायटनला जाणाऱ्यांनी ९च्या पुढे जावं.