दाढेखाली गोळ्या आणि फोनवर आई

पाळी आठ दिवस लांबली तेव्हा मला वाटलं मार्च एंडिंगचं टेन्शन असेल, कारण मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि मार्चमध्ये आमचं जेवण झोप सगळंच पुढेमागे होतं. तरी मेडिकलमधून टेस्ट किट आणलं आणि सकाळी बाथरूममध्ये केली, तर दुसरी रेघ इतकी फिकट की मी ती पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात बघितली. फिकट असली तरी रेघ ती रेघच. नवऱ्याला दाखवली तर तो म्हणे पुसट आहे म्हणजे थोडंसंच असेल ना, त्याही परिस्थितीत मला हसू आलं.

आम्हाला एक मुलगा आहे, तीन वर्षांचा, सिझेरियनचा. दुसरं नको हे आमचं ठरलेलंच होतं, निरोध वापरत होतो आणि तरी राहिलं. नको हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मग पुढचे आठ दिवस त्रास कशाचा झाला तर गोळ्यांनी गर्भपात करायचा म्हणजे काय होणार, कसं होणार, किती दुखणार हे कुणीच धड सांगत नव्हतं याचा. मोठी जाऊ म्हणाली "काही नाही गं, पाळीसारखंच असतं". ऑफिसमधली एकजण म्हणाली तिच्या मावसबहिणीला रक्त चढवायला लागलं. या दोन टोकांच्या मध्ये काहीच नाही.

पहिल्या डॉक्टरांकडे गेले तिथे मी बोलायच्या आधीच "मिस्टर कुठेयत, त्यांची सही लागेल", आणि मग "एकच आहे ना तुम्हाला, राहिलंय तर राहू द्या, पुढे नाही राहिलं तर रडत याल". नवरा खाली गाडी लावत होता, तो वर येईपर्यंत मी फाइल घेऊन बाहेर पडले होते. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की कायद्याने अठरा वर्षांच्या वरच्या बाईची फक्त तिची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, कुणाचीच नाही. फॉर्म सी म्हणतात त्याला. १९७१ पासून गर्भपाताचा हा कायदा आहे आणि अजून निम्म्या दवाखान्यांत नवऱ्याची सही मागतात, का तर पुढे भांडण नको म्हणून. २०२१ मध्ये त्यात बदल झाला, आधी गर्भनिरोधक साधन फेल गेलं हे कारण फक्त लग्न झालेल्या बाईला चालायचं, आता 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं लिहिलंय. आणि तुमचं नाव डॉक्टरने बाहेर सांगायचं नाही, तो गुन्हा आहे. हे मी मुद्दाम लिहितेय कारण नंतर आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने मला पँट्रीत अगदी हळू विचारलं होतं, ताई लग्न झालेलं नसलं तर? तर चालतं गं, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतं, फक्त ते मान्यता असलेल्या डॉक्टरकडेच करायचं.

मधल्या काळात नवरा उत्साहाने मेडिकलवर गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणायला गेला होता. तीन दुकानं फिरला. दोघांनी "आम्ही ते ठेवतच नाही" सांगितलं, तिसऱ्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो एक क्रोसिन घेऊन परत आला. डॉक्टर म्हणाल्या आपल्याकडे गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे चौकश्या फार होतात, रजिस्टरं तपासतात, म्हणून मेडिकलवाले ही किटं ठेवायलाच घाबरतात. आता हे किट नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायचं असतं आणि नऊ आठवड्यांना सोनोग्राफीत मुलगा-मुलगी काही कळतच नाही, मग भीती कशाची ते त्यांनाच माहीत. पण आता वाटतं बरंच झालं मिळालं नाही ते, कारण सोनोग्राफी न करता मी घेऊन टाकली असती.

सोनोग्राफी कशाला तर दोन गोष्टींसाठी. एक, किती आठवडे झाले ते, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, मी उगाच त्या रात्रीपासून मोजत बसले होते. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही ना. नळीत असेल तर या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. माझी आतून केली सोनोग्राफी, सहा आठवडे एक दिवस निघाले, पिशवीतच होतं. आधार कार्डाची झेरॉक्स, फॉर्म, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ची पाटी, सगळं सोपस्काराप्रमाणे. स्क्रीनकडे मी बघितलं नाही, सिलिंगच्या पंख्याला किती जाळी लागलीय तेच बघत होते.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.८, ग्रुप बी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह असता तर अँटी-डी इंजेक्शनचं बघावं लागलं असतं म्हणाल्या. दमा आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, तांबी बसवलेली आहे का, सगळं विचारलं. सिझेरियनचं मी तीनदा विचारलं, त्या म्हणाल्या एवढ्या लवकर असताना एका सिझेरियनने काही अडत नाही. आणि एक विचारलं जे मला फार आवडलं, घरापासून दवाखाना किती मिनिटांवर, आणि त्या दिवशी घरात गाडी चालवणारं कोण असेल.

गुरुवारी सकाळी अकराला त्यांच्यासमोरच पहिली गोळी घेतली, मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची एक. त्याआधी त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाल्या, "ही घेतली की मग अर्ध्यात थांबायचं नाही, पुढच्या गोळ्या घेऊनही गर्भ राहिला तर बाळाला व्यंग होऊ शकतं, त्यामुळे मनात काही असेल तर आत्ता सांग, उद्या ये, मी रागावणार नाही." काही नव्हतं मनात. घेतली. या गोळीने गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम बंद पडतं. मला वाटलं होतं लगेच काहीतरी होईल पण काही म्हणजे काहीच नाही, मी तिथून ऑफिसला गेले, व्हाउचरं पास केली. शुक्रवारी थोडं मळमळलं आणि एक ठिपका डाग दिसला तेवढंच. (काहींना पहिल्या गोळीनेच अंगावर जायला लागतं म्हणे.)

खरा दिवस शनिवार. दुसऱ्या गोळ्या २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या असतात, माझ्या डॉक्टरांनी ४८ सांगितले आणि तेच सोयीचं होतं कारण रविवार मध्ये मिळत होता. मुलाला नणंदेकडे इंदिरानगरला पाठवलं. आदल्या रात्री मी मऊ खिचडी करून ठेवली, पॅडची दोन पाकिटं, जुनी गडद रंगाची चादर, गरम पाण्याची पिशवी (हिचं बूच गळत होतं हे ऐन वेळी कळलं), ओआरएस. मेन्स्ट्रुअल कप वापरू नको सांगितलं होतं, पॅडच लावायचे, मोजता आले पाहिजेत म्हणून.

साडेदहाला पोहे खाल्ले, आयबुप्रोफेन ४०० आणि उलटीची गोळी घेतली. कळ सुरू व्हायच्या आधीच घ्यायची बरं का, नंतर नाही. अकराला मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, २०० मायक्रोग्रॅमची एकेक, दोन उजव्या गालात दोन डाव्या गालात, दाढ आणि गालाच्या मध्ये धरायच्या अर्धा तास, मग उरलेला चोथा पाण्याबरोबर गिळायचा. डॉक्टर कुणाला जिभेखाली सांगतात कुणाला खालून ठेवायला सांगतात, आपल्याला सांगितलंय तसं करायचं. चव अशी खास नाही, पाटीवरची पेन्सिल खाल्ल्यासारखी, पण तोंड कोरडं पडतं आणि गोळ्या विरघळतच नाहीत, तिथेच पिठूळ होऊन बसतात.

आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी आईचा व्हिडिओ कॉल. चाळीसगावहून, दर शनिवारचा. उचलला नसता तर तिने नवऱ्याला, मग सासूबाईंना केला असता, म्हणून उचलला. ओठ मिटून हं हं करत होते. आई म्हणे, "गाल का फुगलाय गं तुझा? दाढ दुखतेय का?" मी मान हलवली. म्हणे, "तरी सांगत होते चॉकलेटं खाऊ नको लेकराबरोबर. लवंग धर दाढेखाली, चावू नको, नुसती धरून ठेव अर्धा तास." मी नुसती मान हलवत राहिले, नवरा दाराआड उभा राहून तोंड दाबून हसत होता आणि माझे डोळे भरून आले होते, ते हसूने की कशाने ते मला आजही सांगता येत नाही. आईला मी सांगितलेलं नव्हतं. ती रागावली नसती, पण तिने उपास धरले असते.

पुढचं घड्याळ लावून सांगते, मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. पावणेबाराला थंडी वाजायला लागली, दात कडाकडा, दोन ब्लँकेटं घेतली, ताप १०० च्या थोडा वर. एकदम दोनदा जुलाब. हे गोळ्यांमुळेच होतं आणि काही तासांत जातं. साडेबाराला ओटीपोटात कळा, आधी पाळीसारख्या, मग कंबर भरून आली, मग येऊन जाऊन येणाऱ्या. एक ते तीन सगळ्यात वाईट. जावेचं पाळीसारखं हे खोटं, निदान माझ्यासाठी तरी, पण बाळंतपणाच्या कळांपेक्षा पुष्कळच कमी. बसून बरं वाटत होतं, आडवं पडून नाही. रक्त साधारण एकला सुरू झालं आणि दोनला कमोडवर बसले असताना गाठी पडल्या, लिंबाएवढ्या, त्यात एक द्राक्षाएवढं राखाडी-पांढरट काहीतरी. मी बघितलं. बाळ वगैरे काही नसतं दिसण्यासारखं एवढ्या लवकर, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बघायचा धीर झाला. फ्लश केलं. त्यानंतर अर्ध्या तासात कळा अशा उतरल्या की कुणी नळ बंद केला. खिचडी खाल्ली आणि झोपले.

रात्री अकराला उठले तर पॅड भिजून चादरीला लागलेलं, बदलला तर तासात दुसरा भिजला, आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे मोजायला लावलं. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तसंच निघून यायचं. माझा तासाला एक होता, तोही नंतर कमी झाला. चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी, दुसऱ्या दिवशीही उतरत नाही असा १००.४ च्या वरचा ताप, घाण वास, औषधाने न थांबणारं दुखणं, यातलं काही झालं तरी यायचं. आणि उलटं, चोवीस तासांत काहीच अंगावर गेलं नाही तरी यायचं, ते लोक विसरतात.

रविवारी अंग मोडून आल्यासारखं होतं, सोमवारी ऑफिस. रक्त बारा दिवस राहिलं, शेवटचे पाच-सहा दिवस नुसते डाग. सातव्या दिवशी भाजी निवडताना मला एकदम रडू आलं, मेथी होती, कारण काही नव्हतं. दहा मिनिटं रडले, मग मेथी निवडली. वाईट वाटलं का विचाराल तर सुटल्यासारखं वाटलं.

चौदाव्या दिवशी तपासणीची सोनोग्राफी आणि तिथे परत एक धसका. रिपोर्टात लिहिलेलं, रिटेन्ड प्रॉडक्ट्सची शक्यता. म्हणजे आत राहिलंय. सोनोग्राफीवाले म्हणाले पिशवी साफ करावी लागेल बहुतेक. मी तर क्युरेटिंगच्या तयारीनेच डॉक्टरांकडे गेले, उपाशीपोटी, नवऱ्याला रजा टाकायला लावून. त्यांनी रिपोर्ट बघितला, मला तपासलं, रक्त थांबलंय, ताप नाही, दुखत नाही, मग म्हणाल्या, "कागदावर नाही, तुझ्यावर उपचार करायचेत." गोळ्यांनंतर आतलं अस्तर जाड दिसणं, थोड्या गाठी दिसणं नेहमीचं आहे, पुढच्या पाळीत जातं, नुसतं जाड दिसतं म्हणून क्युरेटिंग करायचं नसतं. शंभरातल्या पाचेक जणींना खरंच राहतं आणि त्यांना परत गोळ्या किंवा पिशवी साफ करायला लागते, पण ते लक्षणांवरून ठरतं. कॅन्टीनमध्ये जाऊन आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली. घरी ती लघवीची टेस्ट मात्र लगेच करत बसू नका, चार आठवड्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, मी तिसऱ्या आठवड्यात केली आणि उगाच एक रात्र घालवली.

पाळी चौतिसाव्या दिवशी आली, जरा जास्त गेली. त्या पाळीत कॉपर टी बसवून घेतली, दहा वर्षांची. पण तोपर्यंत थांबायचं नसतं हेही मला नव्याने कळलं, पाळी यायच्या आधीच, दोन आठवड्यांच्या आतसुद्धा परत दिवस राहू शकतात, म्हणून मधल्या काळात निरोध होताच. सगळं मिळून, दोन्ही सोनोग्राफ्या धरून, साडेपाच हजारांच्या आत झालं. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, तिथे रांग असते.

त्या शनिवारनंतरच्या बुधवारी चाळीसगावहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे आईने पिशवी दिली होती. त्यात कळण्याचं पीठ, शेवयाचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली लवंग तेलाची बाटली. दर शनिवारी विचारते अजून, दाढ कशी आहे. मी बरी आहे सांगते.